शेंगेन व्हिसा: स्वतः अर्ज करावा की एजंटकडे द्यावा?

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. रत्नागिरीच्या एजंटकडे फाईल दिली, तरी बोटांचे ठसे द्यायला व्हिसा अर्ज केंद्रावर, बहुतेकदा मुंबईला, जावंच लागतं. रात्रीची कोकणकन्या काही चुकत नाही. (गेल्या 59 महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिलेले असले तर बहुधा पुन्हा लागत नाहीत.) मोठ्यांसाठी 90 युरो शुल्क आणि केंद्राचा सेवा आकार दोन्हीकडे सारखाच, एजंटची फी वर.

एजंट फॉर्म नीट भरतो, अपॉइंटमेंटवर नजर ठेवतो, किमान 30,000 युरो कव्हरचा विमा काढून देतो. वेळ नसेल तर तेवढ्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. पण 'व्हिसाची गॅरंटी' म्हणणाऱ्याच्या दारात उभंही राहू नये. निर्णय वकिलातीचा.

खरी गोम बँक स्टेटमेंटमध्ये. आंबा बागायतदाराच्या खात्यात मे-जूनमध्ये एकदम रक्कम येते आणि बाकी वर्ष खडखडाट. पाहणाऱ्याला वाटतं, पैसे उसने आणून भरलेत. तिथे सातबारा, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) आणि आधीच्या हंगामाच्या नोंदी जोडून, इंग्रजी कव्हर लेटरमध्ये तारखेनिशी मेळ दाखवावा. हे स्वतः करणाराच चांगलं करतो. एजंटचं पत्र बहुतेकदा छापील साच्यातलं.

स्वतः करणारे फसतात ते देश निवडताना. जिथे मुक्काम जास्त, तिथे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर प्रथम प्रवेशाचा देश. अर्ज सहा महिने आधीपासून चालतो. मे महिन्यात जायचं तर जानेवारीतच लागा. प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी अर्ज, ही मुदत नुसती कागदावर धरा.