दिवा लागला म्हणजे मिक्सर चालू नव्हे

कोथरूडमधला जुन्या सामानाचा सौदा. दोन माइक इनपुटचा छोटा मिक्सर आणि गिटार इफेक्ट्ससाठी पायाने दाबायचा मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे वाद्य-उपकरणांमधले डिजिटल संदेश), जोडीने 10,000 रुपये. विकणाऱ्याने मिक्सरच्या स्टिरिओ लाइन इनपुटला मोबाइल जोडला, गाणं लावलं, हेडफोन पुढे केला. आवाज स्वच्छ. कंट्रोलरवरचे आकडेही दाबल्यागणिक बदलत होते. पैसे दिले, सामान घरी आलं. तेव्हा कळलं की दोन्ही माइक चॅनेल मुके, फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) शून्य आणि कंट्रोलरचं इफेक्ट्स युनिट ऐकेना.

डेमोत खोटं काहीच नव्हतं, हीच यातली मेख. छोट्या मिक्सरवरच्या स्टिरिओ लाइन चॅनेलला बहुधा माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) नसतोच. त्यामुळे प्रीअँप जळलेला असला तरी मोबाइलवरचं गाणं छान वाजतं.

मल्टिमीटर खिशात घालूनच जा. फँटमचं बटण दाबून माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटच्या पिन 1 आणि 2 मध्ये डीसी मोजा, मग 1 आणि 3 मध्ये. दोन्हीकडे 48 च्या आसपास, म्हणजे 44 ते 52 व्होल्ट हवेत. स्वस्त, बिननावाच्या मिक्सरवर ‘48V’ छापलेलं असतं, मीटर मात्र भलताच आकडा दाखवतो. मग फँटम बंद करून साधा डायनॅमिक माइक प्रत्येक चॅनेलला लावून बोला, गेन सावकाश वाढवा. ऑक्स सेंडही (चॅनेलचा आवाज बाहेर पाठवणारा जॅक) विसरू नका, इफेक्ट्स पेडल तिथूनच जोडायचं असतं. सेंडला केबल लावून तिचं दुसरं टोक रिकाम्या लाइन चॅनेलला द्या. त्या चॅनेलचा स्वतःचा ऑक्स मात्र शून्यावर, नाहीतर शिट्टी वाजेल.

‘अडॅप्टर हरवलाय, कुठलाही चालेल’ हे ऐकलं की उठा. अशा बऱ्याच मिक्सरना तीन पिनांचा एसी अडॅप्टर लागतो. पेडलचा नऊ व्होल्ट डीसी तिथे कामाचा नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, अख्खी दुपार घालवूनही नेमका तोच मिळेल याचा भरवसा नाही.

कंट्रोलरचे आकडे बदलणं म्हणजे फक्त डिस्प्ले जिवंत असणं. विंडोज लॅपटॉपवर मिडी-ऑक्स (मिडी संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, यूएसबी-मिडी केबलचा ‘इन’ लिहिलेला प्लग कंट्रोलरच्या ‘आउट’मध्ये घाला (उलटा घालून कंट्रोलर बंद आहे म्हणणारे खूप). प्रत्येक बटणाला संदेश उमटला पाहिजे. एक्स्प्रेशन पेडल (पायाने हळूहळू कमी-जास्त करायचं) टाच ते पंजा दाबताना 0 ते 127 सलग जावं. 90 वर अडलं तर आधी कॅलिब्रेट करायला सांगा. तरीही उड्या मारत असेल तर सेन्सर बहुधा गेलाय. आणि कंट्रोलरला नुसतं यूएसबी असेल तर तो इफेक्ट्स युनिटच्या यूएसबीला थेट जोडून सहसा चालत नाही. दोन्ही बाजू ‘डिव्हाइस’, म्हणजे कॉम्प्युटरसारख्या होस्टला जोडायच्या, म्हणून मध्ये यूएसबी-मिडी होस्ट लागतो. विकणारा हे सांगत नाही, कधी कधी त्यालाही ठाऊक नसतं.

माल न बघता आगाऊ यूपीआय नको. तसे पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, चॅट पुसू नका.

एक दोष मात्र विकणाऱ्याच्या माथी मारू नका. गिटार सरळ लाइन इनपुटला लावली की आवाज मंद, बोथट येतो. गिटारच्या बिनबॅटरीच्या, म्हणजे पॅसिव्ह, पिकअपला सुमारे 1 मेगओहम इनपुट लागतो, लाइन इनपुट असतो 10-20 किलोओहमचा. मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) किंवा बफर असलेलं पेडल घाला, वरचे सूर परत येतील.