चिंतेची गोळी चालू असताना कावा: सोबत, बदली म्हणून की नकोच?

डॉक्टरांनी लिहून दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ही चिंतेवरची (बेन्झोडायझेपाइन गटातील) गोळी काही महिने घेतल्यावर अनेकांना जाणवते की, पूर्वी अर्ध्या गोळीत लागणारी झोप आता पूर्ण गोळीतही लागत नाही. शरीराला औषधाची सवय झालेली असते. मात्रा आणखी वाढवण्याची धास्ती वाटते आणि अशा वेळी ‘नैसर्गिक’ म्हणून कावाचे नाव कानावर येते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2021 पासून कावाची व्यावसायिक आयात खुली झाल्याने तिथल्या मराठी कुटुंबांनाही तो सहज मिळू शकतो. काश्मिरी कहव्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हे प्रशांत महासागरातील वानुआतू, फिजी, टोंगा या बेटांवरील मिऱ्याच्या कुळातील झुडूप असून त्याच्या मुळांची पूड पाण्यात कालवून, गाळून, करवंटीतून पितात. मातकट, कडवट घोट घेतला की जीभ आणि ओठ काही वेळ बधिर होतात.

दोहोंचे कार्य वरवर सारखे दिसते, कारण दोन्ही मेंदूतील गाबा नावाच्या शांतवणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवतात. मात्र गोळी ज्या ठिकाणी चिकटते तिथे कावातील घटक चिकटत नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा आहे. म्हणून ‘गोळीची सवय झाली, तर कावाही निष्प्रभ ठरेल’ असे गृहीत धरता येत नाही, आणि ‘मार्ग वेगळा म्हणजे धोका नाही’ हेही खरे नाही. वेगळ्या वाटांनी येणारे दोन गुंगीकारक परिणाम शेवटी एकाच मेंदूवर साचतात.

सवयीच्या बाबतीत तर दोघांची चाल उलटी आहे. गोळीने येणारी गुंगी काही आठवड्यांत ओसरू लागते, पण स्मरणशक्तीवरचा आणि वाहन चालवताना लागणाऱ्या चपळाईवरचा परिणाम त्या प्रमाणात ओसरत नाही. माणसाला आपण पूर्ण सावध आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात तो तसा नसतो. कावाबद्दल नियमित पिणारे सांगतात की पहिल्या काही वेळा फारसे जाणवत नाही, परिणाम नंतर दिसू लागतो. मला सर्वांत मोठी भीती इथेच वाटते: गोळी पोटात असलेला नवखा माणूस ‘काहीच होत नाही’ म्हणून आणखी दोन करवंट्या घेतो.

एकत्र घेण्याचा धोका केवळ तर्काचा नाही. 1996 मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात 54 वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. अल्प्राझोलामसोबत कावा घेतल्यावर त्याला ग्लानी येऊन भान हरपल्याच्या अवस्थेत रुग्णालयात दाखल करावे लागले. तो सिमेटिडिन हे आम्लपित्ताचे औषधही घेत होता आणि त्याने अल्प्राझोलामची रक्तातील पातळी वाढते, त्यामुळे सगळा दोष कावावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच गटातील मिडाझोलाम हे औषध वापरून माणसांवर केलेल्या चाचणीत, अशी औषधे मोडणाऱ्या यकृतातील विकराला (एन्झाइमला) कावाने अडथळा केल्याचे दिसले नाही. तरीही मेंदूवर साचणारी गुंगी उरतेच, आणि त्यात दारू किंवा अफूजन्य वेदनाशामक मिसळले तर श्वास मंदावण्याचा धोका फार वाढतो. ‘सोबत’ या पर्यायाला माझा स्पष्ट नकार आहे.

‘बदली’ हा पर्याय अधिक विचार करण्याजोगा आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जर्मन अभ्यासात 40 रुग्णांची गोळी दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत काहींना कावाचा अर्क दिला, आणि त्यांची चिंता आटोक्यात राहिली. पण पुढे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील 16 आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत सततच्या चिंताविकारावर कावा दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरला नाही, आणि यकृताच्या तपासण्यांत बिघाड कावा घेणाऱ्यांत जास्त दिसले. यकृताच्या दुखापतीच्या शंकेवरून जर्मनीने 2002 मध्ये कावाची औषधे बाजारातून काढून घेतली होती. पिण्यासाठी निवडलेल्या पारंपरिक जातींचे मूळ आणि कारखान्यातील तीव्र अर्क एकाच मापाने मोजू नयेत हे खरे, पण डबीवरच्या लेबलावरून आत नेमके काय आहे ते घरबसल्या कळत नाही.

कावा सुरू करून गोळी एका रात्रीत बंद करणे सर्वांत घातक आहे. गोळी अचानक सुटल्यास थरथर, निद्रानाश, तीव्र घबराट आणि कधी फेफरे येतात, आणि कावा त्यापासून वाचवेल असा भरवसा धरता येत नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेन्झोडायझेपाइन गटातील सर्व गोळ्यांच्या ठळक इशाऱ्यात अवलंबित्वाचा आणि सुटतानाच्या त्रासाचा समावेश केला. नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्रा साधारण 5 ते 10 टक्क्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी कमी करण्याचा विचार करतात, आणि वेग रुग्णागणिक बदलतो.

म्हणून गोळी चालू असेल तर कावा घेऊ नये आणि मात्रा पुरेनाशी झाली आहे हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. आधीच कावा घेत असाल तर तेही सांगावे, किती वेळा आणि अर्क की पूड, यासह. गोळी पूर्ण सुटल्यावर कावा घ्यायचाच असेल, तर आधी यकृताची तपासणी करावी, दारू आणि पॅरासिटामॉलचा सततचा वापर टाळावा, आणि डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी कावा थांबवून डॉक्टरांना गाठावे.