आवाज कुठे कमी करायचा: अ‍ॅपमध्ये की अँप्लिफायरवर?

विश्रामबागेत रात्री दहानंतर तानपुरा ऐकायचा म्हणजे आवाज हळूच हवा, नाहीतर शेजारी दार वाजवणार.

गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपमध्ये आवाज दर ६ डेसिबल उतरवला की साधारण एक बिट, म्हणजे आवाजाच्या बारकाव्याची एक पायरी, जातो. डॅक (डिजिटल गाण्याचा अँप्लिफायरला चालणारा सिग्नल करणारा भाग) १६ बिटचा असेल तर २४ डेसिबलला चार बिट गेले. मिरजेच्या तंबोऱ्याची बारीक जवारी, म्हणजे तारेची झणझण, आधी विरते. २४ बिटच्या डॅकला खाली आठ बिट मोकळे असतात. सीडीच्या १६ बिटच्या गाण्याला ४८ डेसिबलपर्यंत धक्का नाही, निदान कागदावर.

अँप्लिफायरच्या बटणाने डॅकची सळसळही गाण्याबरोबर खाली येते. पण अगदी खालच्या टोकाला डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही, आणि धूळ बसली की खरखर.

मी बटण निम्म्याखाली एकदाच लावून ठेवलंय. रोजचं कमी-जास्त अ‍ॅपवर.