मॉर्मन मंडळी की आपलं चर्च: पाण्यात उतरण्याआधी

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी आणि जोडीने फिरणारी विशीतली मुलं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला मॉर्मन धर्मप्रचारकांची ही जोडी ओळखीची असते. मुलं अदबीने बोलतात, घर बदलताना खोके उचलू लागतात आणि दोन-चार भेटींतच बाप्तिस्म्याचं विचारतात. तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट घरातले असाल तर म्हणाल, "माझा झालाय की!" फरक तिथूनच समजून घ्यायला लागावं.

तुमचा झालेला बाप्तिस्मा त्यांना चालत नाही, आणि त्यांचा कॅथलिकांना चालत नाही. व्हॅटिकन लुथरन किंवा ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा मान्य करतं. मॉर्मन बाप्तिस्मा मात्र 2001 मध्ये अवैध ठरवला. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चनेही त्याच्या आदल्या वर्षी तसंच ठरवलं होतं. गंमत अशी की पाणी तेच आणि 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्दही तेच. हरकत आहे ती त्या तीन नावांमागच्या अर्थाला. (त्यांची मंडळी 2018 पासून आग्रहाने सांगते की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव घ्या. त्यांच्यासमोर तेवढं जरूर पाळा. इथे मी ओळखीचा शब्द वापरतोय.)

हा अर्थ बदलला कुठे? त्यांच्या सांगण्यानुसार 1820 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळच्या रानात. चौदा वर्षांचा जोसेफ स्मिथ कोणत्या पंथात जावं हे विचारायला प्रार्थनेला बसला, आणि पिता व पुत्र असे दोघे, वेगवेगळे, त्याच्यासमोर उभे राहिले. उत्तर मिळालं, कुठल्याच पंथात जाऊ नकोस. सगळा वाद या एका प्रसंगात आहे. देव कसा आहे, हा एक मुद्दा. आणि प्रेषितांनंतर मंडळी भरकटली, तिचा अधिकारच पृथ्वीवरून गेला आणि तो स्मिथमार्फत नव्याने आला, हा दुसरा. कॅथलिक म्हणतील, धागा पेत्रापासून तुटलेलाच नाही. प्रोटेस्टंट म्हणतील, मंडळी बिघडली होती, सुधारावी लागली. मॉर्मन म्हणतात, दुरुस्ती पुरेशी नव्हती, पुनःस्थापनाच लागली. मला विचाराल तर कुंपणावर बसलेल्याने आधी याचाच निकाल लावावा. बाकीचे मुद्दे त्याच्या मागोमाग येतात.

देवाचं बघू. 325 साली निकियाच्या परिषदेने पुत्र 'पित्याशी एकतत्त्व' असल्याचं ठरवलं, आणि पुढे त्याच वाटेने त्रैक्याचा सिद्धांत स्थिर झाला: देव एक, व्यक्ती तीन. हे पचायला सोपं नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतरही पंडिता रमाबाई याच विषयावर तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत होत्या. त्यामुळे मॉर्मन उत्तर पहिल्यांदा ऐकताना सुटसुटीत वाटतं: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे स्वतंत्र, फक्त हेतूने एक; पित्यालाही हाडामांसाचं शरीर आहे.

पण हा सुटसुटीतपणा फुकट येत नाही. 1844 मध्ये, मारला जाण्याच्या काही आठवडे आधी, स्मिथने एका प्रवचनात सांगितलं की देवही एकेकाळी माणसासारखाच होता आणि माणूस पुढे देवासारखा होऊ शकतो. इतर ख्रिस्ती श्रद्धेत निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये न ओलांडता येणारी दरी आहे. देवाने शून्यातून जग केलं. मॉर्मन मतानुसार पदार्थ आधीपासून होताच, देवाने तो रचला. आपणही जन्माआधी आत्मारूपाने देवापाशी होतो, असं ते मानतात. आपल्याकडच्या वाचकाला इथे पुनर्जन्म आठवेल, पण तसं नाही. पृथ्वीवरचा जन्म एकच.

शास्त्राचा मुद्दा त्या मानाने सरळ आहे. बायबल दोघांचंही, मॉर्मनांकडे शिवाय 1830 चं 'मॉर्मनचं पुस्तक' आणि आणखी दोन ग्रंथ, वर हयात संदेष्टा, म्हणजे मंडळीचा अध्यक्ष. त्या पुस्तकातला प्राचीन अमेरिकेचा इतिहास मंडळीबाहेरचे पुरातत्त्वज्ञ मानत नाहीत. संदेष्टा हयात असल्याने शिकवण बदलूही शकते: बहुपत्नीत्व 1890 मध्ये अधिकृतपणे थांबवलं, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद 1978 मध्ये मिळालं.

तारणाबद्दल 'तुमचे तारण कृपेनेच झालेले आहे' हे पौलाचं वाक्य प्रोटेस्टंट घरात तोंडपाठ असतं. मॉर्मनचं पुस्तक म्हणतं, आपल्याला करता येईल ते सगळं केल्यानंतर कृपेने तारण. त्यांच्याकडे नरकात जाणारे फारच थोडे. जवळजवळ सगळ्यांना स्वर्गाच्या तीन पायऱ्यांपैकी (ते त्यांना 'वैभव' म्हणतात) कुठल्या ना कुठल्या पायरीवर जागा आहे. मात्र सर्वांत वरच्या पायरीसाठी मंदिरातले विधी हवेत (मंदिर म्हणजे रविवारच्या प्रार्थनागृहाहून वेगळी, खास विधींची वास्तू). मेलेल्यांसाठीही जिवंत माणसं मंदिरात बाप्तिस्मा घेतात. मला व्यक्तिशः हा भाग हृद्य वाटतो. आजीला येशूचं नावही ठाऊक नव्हतं, तिचं काय, या प्रश्नाला निदान उत्तर तरी आहे.

रविवारी एकदा जाऊन बसा. क्रूस दिसणार नाही. द्राक्षरसाऐवजी इवल्याशा पेल्यांतून पाणी फिरतं, भाकरीचे तुकडे मिसरूड न फुटलेली पोरं वाटतात. त्यावरची प्रार्थना सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, आणि एखादा शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. बाप्तिस्म्यातही पायाचा अंगठा पाण्यावर राहिला तर परत बुडवतात. आपले फादर किंवा पास्टर असतात तसा पगारी माणूस तिथल्या मंडळीत नसतो. बिशप आठवडाभर आपली नोकरी सांभाळतो.

दारू-तंबाखूबरोबर कॉफी आणि चहा बंद, हे 1833 पासूनचं. चहापत्ती न घालता उकळलेला गवती चहा चालेल, पण त्याला आपण चहा म्हणत नाही. उत्पन्नाचा दशमांश आपल्या पास्टरांच्या तोंडीही असतो. तिथे मात्र तो न देणाऱ्याला मंदिरात जाण्याचा परवाना मिळत नाही.

आणि हा परवाना लग्नाच्या वेळी आठवतो. मंदिरातला विवाह अनंतकाळासाठी असतो, 'मरेपर्यंत' नाही. पण आत फक्त परवानाधारक जातात. सभासद नसलेले आईबाप मुलीच्या लग्नात बाहेर बसून राहतात. पूर्वी अमेरिकेत बाहेर नागरी लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. 2019 मध्ये ती अट काढली. तेव्हा गोष्ट लग्नापर्यंत आलीच असेल, तर आधी सगळ्यांदेखत लग्न आणि मग मंदिर, हे दोघांनी तारीख धरण्याआधी बोलून घ्या.