हिवाळ्यात चालायला कधी जावं: सकाळी सहा की दुपारी चार?

ठाण्यात घोडबंदर रोडलगत राहणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत हा पेच पडतोच.

धूळ: पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. जणू झाकणच बसतं. रात्रभराचा ट्रकचा धूर, बांधकामाची धूळ खालीच कोंडते. सहाला दिसतं ते नुसतं धुकं नव्हे! चारपर्यंत ऊन आणि समुद्रावरचं वारं ती पांगवतं.

ओझोन (धुरातल्या वायूंवर ऊन पडून बनणारा, घशाला त्रास देणारा वायू): याचं उलट, दुपारी जास्त.

रहदारी: सहाला कमी, पण साठलेल्या धुरापुढे तो फायदा किरकोळ.

सरकारी अ‍ॅपवरचा एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) 24 तासांच्या सरासरीवर काढतात. त्याऐवजी ताशी पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) बघा.

बहुतेकांना चारच बरे. ओझोनने खोकला येत असेल, तर ऊन कलल्यावर निघा. नोकरीमुळे सकाळच जमत असेल, तर हमरस्ता सोडून उपवन तलावाकडे वळा.