मुळा कुठाय? कोएनएलपाय वापरल्यावर

दक्षिण कोरियातल्या देगू शहरात मी राहते त्या खोलीच्या खाली एक छोटी खानावळ आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे मावशी. खानावळवालीला कोरियातही मावशीच म्हणतात हे कळलं तेव्हा साताऱ्याहून आलेली मी निम्मी घरची झाले.

गेल्या नोव्हेंबरात मी इमोंना लॅपटॉपवर शब्दांचं एक जाळं दाखवलं. किमजांग म्हणजे हिवाळ्याआधी घरोघरी होणारी किमचीची, म्हणजे तिखट-मीठ लावून आंबवलेल्या भाज्यांची बेगमी. तिच्याबद्दल लोकांनी ऑनलाइन लिहिलेल्या १,१४० नोंदी मी जमवल्या होत्या. एका वाक्यात जे दोन शब्द सोबत येतात त्यांच्यामध्ये रेघ काढायची, आणि जितक्या वेळा सोबत येतील तितकी ती जाड करायची. मधोमध चिनी कोबी, भोवती मीठ, मिरचीपूड, सासू, कंबर. (सासू आणि कंबर अगदी शेजारी होत्या. शंभर कोबी धुणाऱ्या सुनांना ते समजावून सांगायला नको.) इमोंनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मू कुठाय?"

मू म्हणजे मुळा. मुळ्याशिवाय किमजांग म्हणजे दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी.

ते जाळं मी एका पैसे घेणाऱ्या ऑनलाइन सेवेतून काढलं होतं. शोध घेतल्यावर कळलं, की ती सेवा एका अक्षराचे शब्द सरसकट फेकून देते. त्यामागे कारण आहे. कोरियनमध्ये 'गोष्ट', 'वेळ', 'शक्यता' यांच्यासाठीचे एकाक्षरी शब्द पावलोपावली येतात आणि जाळं भरून टाकतात. पण मू गेला तसा फा म्हणजे पातीचा कांदा गेला, गात म्हणजे मोहरीचा पाला गेला, गुल म्हणजे कालवं गेली, बे म्हणजे नाशपाती गेली. कोबीच्या पानांत भरायचं निम्मं सारणच कचऱ्यात! ही सवय बंद करायचं बटण मला कुठेच सापडलं नाही. महिन्याचे पैसे मात्र भरून बसले होते.

म्हणून कोएनएलपायकडे वळले. हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं, कोरियन मजकुरासाठीचं मोफत, मुक्तस्रोत पॅकेज, २०१४ मधलं. जाळं ते काढत नाही. वाक्य फोडून प्रत्येक तुकडा नाम, क्रियापद की प्रत्यय एवढंच सांगतं. पण खरं काम तेच आहे. आपण 'घराला, घराचं, घरात' म्हणतो तसं तिकडे बेछूगा, बेछूरुल, बेछूनुन चालतं. नुसत्या मोकळ्या जागांवर शब्द तोडले तर एकाच कोबीचे दहा कोबी होतात. मराठी माणसाला हे चटकन कळतं, उलट आपलं दुखणं मोठं आहे. 'रस्ता'चं 'रस्त्याला' होताना आपल्याकडे शब्दाचं अंगच बदलतं. कोरियन नाम तसंच राहतं, प्रत्यय मागे येऊन चिकटतो.

मग अडचण कुठे? 'फानुन' घ्या. त्याचा अर्थ 'पातीचा कांदा तर…' असा होतो आणि 'विकणारा' असाही होतो. 'बेछू फानुन गोत' म्हणजे कोबी विकतात ती जागा, पण भोळं यंत्र तिथे कांदा मोजून मोकळं होतं. 'मूनुन'चंही तेच: 'मुळा तर' किंवा 'चावणारा'. मुळ्याच्या नोंदीत चावरा कुत्रा! कोएनएलपायच्या मार्गदर्शिकेतही असलीच वाक्यं घेऊन त्यातल्या सगळ्या विश्लेषकांची, म्हणजे वाक्य फोडणाऱ्या यंत्रांची, तुलना केली आहे. त्यात ते प्रसिद्ध वाक्यही आहे, ज्यात जागा न सोडता लिहिलं तर बाबा खोलीत जातात की पिशवीत, हे ठरत नाही. पॅकेज बनवणाऱ्यांनी स्वतःच्या मालाची उणी बाजू अशी उघडी ठेवावी, हे मला फार आवडलं.

एका पॅकेजमध्ये पाच विश्लेषक आहेत. हान्नानुम काइस्ट या कोरियन विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचा, क्कोक्कोमा सोल राष्ट्रीय विद्यापीठाचा, शिवाय कोमोरान, ओकेटी आणि मेकाब. मेकाब मूळचा जपानी भाषेसाठीचा, कोरियनला जुळवून घेतलेला, आणि वेगाला तुफान. माझ्या सगळ्या नोंदी त्याने डोळ्याची पापणी लवेपर्यंत फोडल्या. क्कोक्कोमाला त्याच कामावर लावून मी खाली जाऊन जेवून आले. तो बारीक चिरतो, पण जाळ्यासाठी इतकं बारीक नको असतं. ओकेटी पूर्वी 'ट्विटर' नावाने होता. 'खखखख' हसणं आणि शेवटचं अक्षर ओढून लिहिलेली क्रियापदं तो सरळ करून देतो, त्यामुळे तरुणांच्या लिखाणाला तोच बरा.

मी शेवटी कोमोरानवर थांबले, आणि ते एकाच कारणासाठी: आपली शब्दयादी साध्या फाइलमधून देता येते. 'जोरिमबेछू' म्हणजे मिठात मुरवून विकायला ठेवलेला तयार कोबी. हल्ली कित्येक घरं तोच मागवतात. यंत्र त्याचे 'मुरवण' आणि 'कोबी' असे दोन तुकडे करतं, आणि मग घरी मीठ लावणाऱ्या बायका आणि तयार माल मागवणाऱ्या बायका एकाच गाठोड्यात जातात. माझा सगळा प्रश्नच त्या दोघींतल्या फरकाचा होता. यादीत त्रेसष्ट शब्द घातले, त्यातले वीसेक इमोंनी सुचवलेले.

आता त्रास. संगणकावर जावाही बसवावं लागतं, आणि पायथन व जावा दोन्ही एकाच बिटचे (दोन्ही ३२ किंवा दोन्ही ६४) लागतात. नाहीतर जो त्रुटीसंदेश येतो त्यातून काही बोध होत नाही. माझा एक रविवार त्यातच गेला. विंडोजवर मेकाब अधिकृतपणे चालत नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे म्हणून निभावलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी कीवी हा दुसरा कोरियन विश्लेषक बघ म्हणेन. त्याला जावा लागत नाही आणि नवा शब्द एका ओळीत घालता येतो.

जाळं काढायला गेफी वापरलं. तेही मोफत. त्यातली फोर्सअॅटलास-२ ही मांडणी लावली की शब्द आपापल्या कोंडाळ्यात जाऊन बसतात. पहिल्यांदा मात्र सगळ्या कोरियन अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर जी अवस्था व्हायची, तीच. नानुमगोथिक फॉन्ट निवडला आणि चौकोन गेले. मॅकवरून आलेल्या काही फाइलींत अक्षरं सुट्या घटकांत साठवलेली होती. दिसायला तोच 'मू', पण यंत्राच्या लेखी वेगळा. सगळं आधी एका साच्यात आणून घ्या, नाहीतर मुळा दोनदा उगवतो.

दुसरं जाळं घेऊन खाली गेले तेव्हा मुळा कोबीला खेटून बसला होता, कालवं किनाऱ्यावरच्या लोकांच्या नोंदींजवळ. इमोंनी मान हलवली. मग बोट ठेवलं ते 'बे'वर, "हे इथे कसं?" नाशपातीच्या शेजारी 'दुखणे' होतं. बे म्हणजे नाशपाती, पोट आणि होडीसुद्धा. ती २१४ वाक्यं सध्या मी हाताने निवडते आहे.