नर्सिंग स्टाफला सहाय्यक तंत्रज्ञान शिकवताना: टॅप, जेलो आणि लाइव्ह ट्रान्स्क्राइबचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या रुग्णालयात स्टाफचं इन-सर्व्हिस प्रशिक्षण माझ्याकडे आहे. बोलता किंवा ऐकू न येणाऱ्या पेशंटसाठी गेले काही महिने आम्ही तीन मोफत साधनं वापरतोय: जागतिक आरोग्य संघटनेचा ‘टॅप’ हा सहाय्यक साधनांवरचा ऑनलाइन कोर्स, आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवरून बोलणारं ॲप आणि बोललेलं लिहून दाखवणारं गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ ॲप. तिन्ही जरूर वापरा. मात्र कोर्स झाला, प्रमाणपत्र मिळालं, तरी साधन कपाटातच पडून होतं. ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देताना, त्याचा उल्लेख सक्तीचा केला तेव्हा ते बाहेर आलं.

टॅपची मांडणी मला मनापासून आवडली. वस्तू निवडायची, ती त्या माणसाला नीट बसते ना बघायचं, वापरायला शिकवायचं आणि नंतर पाठपुरावा करायचा, अशा चार पायऱ्या. कोर्स आम्ही इंग्रजीत केला आणि प्रात्यक्षिकं मराठीत घेतली. प्रात्यक्षिकं टाळू नका. श्रवणयंत्राचा लाल खुणेचा भाग उजव्या कानाचा आणि निळा डाव्या कानाचा, हे वाचून लक्षात राहत नाही, एकमेकींच्या कानात घालून पाहिल्यावर राहतं. शिट्टी वाजली तर यंत्र बिघडलंय असं धरून काढून ठेवायचं नाही, आधी ते कानात नीट बसलंय का बघायचं, हेही हातानेच कळलं. ओटीला नेताना काढलेलं यंत्र चादरीबरोबर धुवायला जाऊ नये म्हणून वॉर्डातल्या मामा-मावशींनाही आम्ही या तासाला बसवलं. ते बसलेच पाहिजेत.

जेलोवर जास्त लिहितो, कारण कसोटी तिथे लागते. चित्रावर बोट ठेवायचं, मग बाजूचं ‘आवडतं’, ‘नको’, ‘अजून’ यांतलं बटण दाबायचं, की ॲप मराठीत वाक्य बोलतं. ते मूळ बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी बनलेलं आहे आणि मुलांच्या वॉर्डात फार चांगलं चालतं. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या मोठ्या माणसांचं तसं नाही. पासष्टीच्या आजोबांपुढे लहान मुलांची चित्रं ठेवली तर काही जण तोंड फिरवतात, आणि त्यांचं चुकत नाही. शिवाय मेंदूच्या डाव्या भागाला झटका आला की बऱ्याचदा वाचेबरोबर उजवी बाजूही जाते, म्हणून टॅब डाव्या हाताशी ठेवायचा. त्याही आधी पेशंटचा ‘हो’ आणि ‘नाही’ भरवशाचा आहे का ते तपासायचं. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे दोन-चार प्रश्न विचारायचे, त्यातला एक मुद्दाम चुकीचं नाव घेऊन. हे न करता टॅब हातात दिला तर पेशंटने न मागितलेली गोष्ट त्याच्या नावावर लिहिली जाते.

आयसीयूसाठी आम्ही साधं कार्ड केलं: दुखतंय, तहान, सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), कूस बदला, पॉट, घरचे कुठे आहेत. ट्रॅकी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) असलेल्या पेशंटला बऱ्याचदा तेच पुरतं. २०१६ साली आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ५० प्राधान्य सहाय्यक वस्तूंच्या यादीत संवाद फलक आणि संवादाचं सॉफ्टवेअर दोन्ही आहेत. कागद म्हणजे कमी दर्जाचं, ही समजूत स्टाफच्या डोक्यातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लाइव्ह ट्रान्स्क्राइब आपलं बोलणं पडद्यावर मराठीत लिहून दाखवतं. ओपीडीत कमी ऐकू येणाऱ्यांना डिस्चार्जच्या सूचना समजावताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला मिळालं नाही. अक्षरं मोठी करता येतात, आजूबाजूला गोंगाट किती आहे तेही दिसतं. औषधांची नावं मात्र चुकीची उमटतात, म्हणून औषध आणि डोस कागदावर लिहूनच द्यायचा. बोलणं तीन दिवस साठवण्याची सोय बंद ठेवायची आणि फोन वॉर्डाचाच वापरायचा, सिस्टरांचा स्वतःचा नाही.

ओव्हरच्या वहीत आता एक ओळ वाढली आहे: पेशंट कशाने बोलतो, कशाने ऐकतो, साधन कुठे ठेवलंय. नाईटच्या सिस्टरला पहाटे तीन वाजता कार्ड शोधावं लागत नाही. इन्चार्ज सिस्टरांनी ही ओळ रोज विचारली नसती तर माझं सगळं शिकवणं वाया गेलं असतं.

चौथी पायरी, पाठपुरावा, अजून कच्ची आहे. घरी गेल्यावर कार्ड कोण पुढे धरणार? म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सुनेला किंवा मुलाला आमच्यासमोर एकदा वापरायला लावतो आणि आठवड्याने फोन करतो. फोनवर त्यांनी सांगितलेले नवे शब्द पुढच्या कार्डात घालतो.